लक्षद्वीप : माशांनी घडवलेली वाळू

लक्षद्वीपला जायचं तर आधी परवाना काढावा लागतो, आपल्या भारतीयांनासुद्धा. अर्ज, पोलिसांचा दाखला, राहण्याची सोय पक्की झाल्याचा कागद, हे सगळं जमेपर्यंत थोडी धावपळ होते. पण मला हा नियम मनापासून पटतो. ३६ बेटं, सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती फक्त १० बेटांवर आणि २०११च्या जनगणनेनुसार माणसं साधारण चौसष्ट हजार. एवढ्याशा जागेत वाटेल तितक्या पर्यटकांना सोडलं तर त्यांना पुरेल इतकं गोडं पाणीही तिथे नाही. मे ते सप्टेंबर पावसाळी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे आम्ही जानेवारी गाठला. मी, बायको आणि आठवीतली लेक.

सोमवार : कोची ते अगत्ती

कोचीहून अगत्तीला लहान एटीआर विमान जातं. तासाभराहून थोडा जास्त वेळ खाली नुसता निळा समुद्र, आणि मग अचानक त्या निळ्यात एक फिकट हिरवं वर्तुळ उमटतं. त्याच्या कडेला पांढऱ्या फेसाची रेघ, आणि एका बाजूला नारळाच्या झाडांची बारीक पट्टी. ती पट्टी म्हणजे बेट. आतलं हिरवं उथळ पाणी म्हणजे लगून, आणि फेस उठतो ती प्रवाळाची भिंत. खिडकीतून ते बघताना प्रमाण लक्षात येतं. लक्षद्वीपच्या साऱ्या लगूनचं क्षेत्रफळ ४,२०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीच्या शंभरपटीहून जास्त. आपण नकाशावर बेट शोधतो, पण खरा ऐवज त्या पाण्यात आहे.

अगत्तीची धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकावर आहे. तिथे जमीन इतकी अरुंद आहे की उतरताना दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं. पुढे कल्पिट्टी नावाचं छोटंसं निर्जन बेट. बेटाची लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त एक. रिक्षाने एका टोकाकडून दुसरीकडे जाताना बऱ्याचदा डावीकडे लगून आणि उजवीकडे उघडा समुद्र एकाच वेळी दिसत राहतो.

संध्याकाळी धक्क्यावर मासेमारीच्या होड्या परतल्या. इथे ट्यूना, म्हणजे आपल्या कुप्याच्या कुळातला मासा, जाळ्याने न धरता काठी-गळाने धरतात. ती पद्धत एका कोळ्याने आम्हाला हिंदी-मल्याळममिश्रित भाषेत सगळी समजावून सांगितली. पहाटे आधी लगूनमध्ये जाऊन प्रवाळाभोवती राहणारे बोटभर लांबीचे चंदेरी मासे पकडायचे आणि ते होडीच्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे. मग बाहेर खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की हे छोटे मासे मूठमूठ पाण्यात फेकायचे, आणि होडीतून पाण्याचे फवारे मारायचे. खळबळलेल्या पाण्यात ट्यूनाला वाटतं सगळीकडे भक्ष्यच आहे, आणि तो समोर येईल ते गिळू लागतो. गळाला मागे वळलेला काटा नसतो. मासा उचलून मागे फेकला की होडीत पडता पडता आपोआप सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात. कोळ्याने हाताने नुसती हवेत काठी फिरवून दाखवली, तर लेक दचकून मागे सरकली.

या पद्धतीत नको असलेले मासे, कासवं, डॉल्फिन अडकत नाहीत. पण ती पूर्णपणे लगूनवर उभी आहे. प्रवाळ गेले तर ते चंदेरी मासे जातील, आणि मग खोल समुद्रात ट्यूना असून उपयोग नाही.

मंगळवार : अगत्तीचं लगून

सकाळी काचेच्या तळाच्या होडीतून निघालो आणि नंतर स्नॉर्केल लावून पाण्यात उतरलो. पाणी छातीइतकं, तळापर्यंत स्वच्छ. पहिली पाच मिनिटं श्वास जमण्यातच जातात. एकदा जमलं की डोकं वर काढावंसं वाटत नाही.

मी एका पोपटमाशाच्या मागे लागलो. निळसर हिरवा, गुलाबी कडांचा, हातभर लांब. त्याचे दात एकमेकांना जोडून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. तो प्रवाळावर तिरका होऊन चावा घेतो, आणि पाण्याखाली तो आवाज इतका स्पष्ट येतो की शेजारी बसून कुणी कडक चकली खावी! चाव्याच्या जागी पांढरा ओरखडा राहतो. त्याला हवं असतं ते प्रवाळावरचं शेवाळ आणि आतले सूक्ष्म जीव. त्यासोबत तोंडात आलेला चुनखडक घशातल्या दातांनी दळला जातो आणि शेवटी बाहेर पडतो तो बारीक पांढऱ्या धुराच्या लोटासारखा. तो लोट मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हळूहळू खाली बसला आणि वाळूत मिसळून गेला.

दुपारी किनाऱ्यावर लेकीने भिंगाखाली चिमूटभर वाळू धरली. आपल्या कोकणातल्या वाळूत नद्यांनी डोंगरातून आणलेले दगडाचे कण असतात. इथे नदी नाही, डोंगर नाही, दगडही नाही. भिंगाखाली दिसत होते ते प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचे कपचे, चुना साठवणाऱ्या शेवाळाच्या चकत्या, सूक्ष्म जीवांची कवचं. एकूण एक कण कुठल्या ना कुठल्या प्राण्या-वनस्पतीने बनवलेला. लाटा आणि वारा ही वाळू लगूनच्या कडेला लोटतात, त्यावर नारळ रुजतो, माणसं घरं बांधतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर असलेली ही जमीन दररोज झिजते आणि दररोज भरली जाते. भरण्याचं काम करतात प्रवाळ आणि त्यांच्यावर जगणारे हे प्राणी.

दुपारनंतर कासवं दिसली. ही हिरवी कासवं, आपण वेळासला पाहतो त्या ऑलिव्ह रिडलेपेक्षा बरीच मोठी आणि मोठी झाल्यावर बहुतांशी शाकाहारी. लगूनच्या तळाशी उगवणारं समुद्री गवत हे त्यांचं मुख्य अन्न. एक कासव आमच्यापासून पाच-सहा हातांवर श्वास घ्यायला वर आलं, एक जोरदार फुसकारा टाकला आणि पुन्हा खाली गेलं.

त्यांची इथली गोष्ट सरळ नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पूर्वी होड्यांच्या लाकडाला लावायला कासवाचं तेल वापरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबत गेली आणि कासवं वाढली. २०००नंतरच्या दशकात अगत्तीच्या लगूनमध्ये ती इतकी दाटली की समुद्री गवताची कुरणं चरून चरून उजाड झाली. त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले, कोळी कासवांवर चिडले. मग कासवंच दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे सरकली. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी हे सगळं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलं आहे. एक प्राणी वाचवला म्हणजे काम संपलं, असं होत नाही. कासवांना खाणारे मोठे शार्क समुद्रातून कमी झाले असतील तर गवताचा हिशोब बिघडणारच. चिडलेल्या कोळ्यालाही त्यात दोष देता येत नाही.

बुधवार : बंगारम

अगत्तीहून होडीने तासा-दीड तासात बंगारम. थेंबाच्या आकाराचं बेट, कायमची वस्ती नाही, राहायला पर्यटकांसाठी मोजकीच सोय. मधोमध एक मचूळ पाण्याचं तळं आहे आणि त्याभोवती केवड्याचं रान. त्या काटेरी पानांमधून वाट काढताना बायकोला थेट तिच्या आजोळचं गुहागर आठवलं.

तळ्याच्या काठी बगळे होते आणि युरोप-सायबेरियाकडून हिवाळ्यासाठी आलेले चिखलपक्षी. किनाऱ्यावर मोठे शंख चालताना दिसले. शंखात राहणारे हे खेकडे स्वतःचं कवच बनवत नाहीत, मेलेल्या गोगलगायीचा शंख उचलतात आणि वाढ झाली की मोठा शोधतात. एक खेकडा आम्ही बराच वेळ पाहिला. त्याने एका रिकाम्या शंखाच्या तोंडावर नांग्या फिरवल्या, आत पाय घालून चाचपलं, शंख उलटा करून पुन्हा चाचपलं. मग क्षणार्धात मऊ, वाकडं पोट जुन्यातून काढून नव्यात घातलं, आणि थोडं चालून पाहून परत जुन्यात शिरला. लेक पोटभर हसली. त्यानंतर किनाऱ्यावरचा एकही शंख तिने उचलला नाही, मला सांगावंही लागलं नाही. प्रवाळाचा तुकडा नेणं तर गुन्हाच आहे, सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत.

"बाबा, इथे एकपण दगड कसा नाही?" तिने विचारलं.

आहे, पण खूप खाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या ज्वालामुखीने आपला सह्याद्री आणि दख्खनचं पठार रचलं, त्याच्या मुळाशी असलेल्या खोल तप्त केंद्रावरून भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेलं. मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उमटत राहिली, लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी दक्षिणेकडे जाणारी. ते केंद्र आज मादागास्करजवळच्या रीयुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. थंड होत गेलेले हे डोंगर हळूहळू पाण्यात खचले. त्यांच्या माथ्यावर वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहिले, आणि शेवटी डोंगर दिसेनासा होऊन प्रवाळाचं कडं उरलं. खचणारा डोंगर आणि वर वाढणारा प्रवाळ ही मांडणी डार्विनने १८४२ साली केली होती. रायगडाच्या काळ्या पाषाणाचा आणि या पांढऱ्या वाळूचा असा संबंध लागतो, हे तिला सांगताना मलाच भरून आलं.

गुरुवार : तिन्नकरा, आणि नसलेलं परळी

बंगारमच्याच लगूनमध्ये समोर तिन्नकरा बेट आहे. सकाळी तिथे गेलो. प्रवाळाच्या खडकात रुतून बसलेला महाशिंपला पहिल्यांदा इथे पाहिला. फक्त नागमोडी फट दिसते, आणि त्या फटीतून बाहेर आलेली मखमली झालर, गडद निळी, त्यावर हिरवे-जांभळे ठिपके. त्या झालरीत शेवाळ राहतं आणि उन्हावर साखर तयार करून शिंपल्याला खाऊ घालतं. झालरीच्या कडेला शेकडो इवलेसे डोळे असतात. माझ्या हाताची सावली पडताच शिंपला झटका देऊन अर्धा मिटला, थांबला, मग आणखी थोडा. मी बाजूला झालो, तर मिनिटाभरात झालर पुन्हा बाहेर आली.

प्रवाळाचं पोटही असंच चालतं. प्रवाळकीटकाच्या शरीरात शेवाळ राहतं, रंग त्याचाच आणि अन्नही बरंचसं त्याचंच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं की ही भागीदारी मोडते. शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लवकर गार झालं तर सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं, आणि पुन्हा २०२४ मध्ये. त्याच २०२४च्या जानेवारीत पंतप्रधान इथे येऊन गेले आणि देशभर लक्षद्वीपचं नाव झालं. पर्यटक वाढले त्याच मोसमात पाणी तापत होतं.

ते आम्हाला दिसलं. काही ठिकाणी शिंगांसारखे फांदीदार प्रवाळ करड्या शेवाळाने झाकलेले, हात लागला तर मोडतील असे. त्यांच्यात फुलपाखरू मासा नाही, काही नाही. दोन होडीच्या अंतरावर गोल, भरीव प्रवाळ मात्र जिवंत होते. काही फांद्यांच्या बुडाशी नखाएवढी नवी वाढ होती. मी ती वाढ बराच वेळ पाहत राहिलो. दोन उष्ण लाटांमधलं अंतर पुरेसं मिळालं तर हे प्रवाळ परत उभे राहतात, १९९८नंतर इथे अनेक जागी राहिलेही होते. ते अंतरच आता कमी होत चाललं आहे.

याच लगूनच्या कडेला परळी नावाची छोटी बेटं आहेत. त्यातलं पहिलं परळी आता नाही. १९६८ साली त्याचं क्षेत्रफळ ०.०३२ चौरस किलोमीटर होतं, आणि ते पूर्ण झिजून गेल्याचं २०१७ साली एका अभ्यासातून पुढे आलं. होडीवाल्याने हात करून जागा दाखवली. तिथे फक्त पाण्याचा रंग थोडा फिकट होता.

शुक्रवार : कवरत्ती

अगत्तीला परतून मोठ्या वेगवान बोटीने दोन-अडीच तासांत कवरत्ती. वाटेत उडणारे मासे, एकदा डॉल्फिनचा कळप, आणि पाण्यावर घिरट्या घालणारे सुरय. ट्यूना खालून छोट्या माशांना वर ढकलतो आणि सुरय वरून झडप घालतात. कोळी ट्यूना कुठे आहे ते या पक्ष्यांवरूनच ओळखतात. कवरत्तीच्या उत्तरेला पिट्टी नावाचा वाळूचा एक उघडा ढिगारा आहे, झाड नाही, पाणी नाही. पाठीवर काळे असलेले सुरय, मोठे तुरेवाले सुरय आणि तपकिरी नॉडी तिथे घरटी करतात. तिथे उतरायला मनाई आहे आणि तसंच असायला हवं.

जुम्म्याचा दिवस असल्याने दुपारी बाजार बंद होता. संध्याकाळी उज्रा मशिदीचं लाकडी छत पाहिलं. वाहून आलेल्या ओंडक्यातून कोरलंय असं गावात सांगतात. वेलबुट्टी इतकी बारीक की मान दुखेपर्यंत वर पाहत राहिलो. रात्रीचं जेवण एका घरी होतं. ट्यूनाची आमटी, सुकवलेल्या ट्यूनाचा चुरा खोबऱ्यात परतलेला, आणि शेवटी खोबरं-गुळाचा केळीच्या सुक्या पानात बांधलेला लाडू. घरातल्या आजींनी लेकीच्या हातात आणखी दोन लाडू कोंबले.

शनिवार : पाणी, उंदीर आणि बोट

सकाळी समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करणारा प्रकल्प बाहेरून पाहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली तो उभारला, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेलं की त्याची वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून गोडं पाणी मिळतं. हे इथेच का जमतं? कारण बेट म्हणजे बुडालेल्या डोंगराचा माथा. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ सरळ खोल जातो, त्यामुळे गार पाण्यापर्यंत नळ फार लांब न्यावा लागत नाही. बुधवारी लेकीला सांगितलेली डोंगराची गोष्ट इथे नळाला पाणी होऊन येत होती.

त्याआधी सगळी भिस्त विहिरींवर. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, पातळ थरासारखं. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. हॉटेलं वाढवायची चर्चा निघते तेव्हा मला सर्वात आधी ही विहीर आठवते.

बेटांवर साप नाहीत, म्हणून उंदीर माजलेत आणि नारळ पोखरतात. कवरत्तीत त्यासाठी केरळहून गव्हाणी घुबडं आणून प्रयोग केला होता. बाहेरचा प्राणी बेटावर आणणं मला धोक्याचं वाटतं, पक्ष्यांच्या घरट्यांवरही त्याची नजर जाऊ शकते. नारळ हेच उत्पन्न असलेल्या माणसाला मात्र ते पटतं.

दुपारी कोचीच्या जहाजावर चढलो. मिनिकॉय बेट राहिलं. १८८५चं ते दीपगृह आणि महल भाषा बोलणारं ते गाव पुढच्या खेपेला.

रविवार : कोची, आणि आपला किनारा

सकाळी जहाज कोचीला लागलं. परतीच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात आंग्रिया बँक होतं. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला हा प्रवाळाचा पट्टा विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, अरबी समुद्रात पाण्याखाली आहे. माथासुद्धा साधारण वीस मीटर खोल, म्हणून तिथे वाळू साचून बेट झालं नाही आणि आपल्यातल्या फारच थोड्यांनी ते पाहिलं आहे. त्याला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळावा असं अभ्यासक सांगत आले आहेत, आणि महाराष्ट्राने तो लवकर मिळवून द्यावा असं मला कळकळीने वाटतं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथेही पाण्याखाली प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना फोटोसाठी कुणी खडकावर उभं राहायला सांगितलं तर आधी खाली वाकून नीट बघा, तो खडक जिवंत असू शकतो.